ताब्याचा आदेश नसताना मुलांना घेऊन इंदूर सोडायचं असेल तर: अविवाहित आईसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न अजूनही दबक्या आवाजातच विचारला जातो. लग्न झालेलं नाही, मुलं दोघांची आहेत आणि नातं आता संपलंय. पुण्याला नोकरी मिळतेय, किंवा धुळ्याला माहेर आहे, किंवा इथे राहणंच नकोसं झालंय. कोर्टाचा आदेश कसलाच नाही, कारण कोर्टात कुणी गेलेलंच नाही. अशा वेळी मुलांना घेऊन सेंधव्याच्या पलीकडे गेलं तर गुन्हा होतो का?

होत नाही. लग्नाबाहेर झालेल्या मुलांची नैसर्गिक पालक आईच असते, आणि गाव बदलायला तिला मुलांच्या वडिलांची किंवा कोर्टाची परवानगी लागत नाही. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे घाट उतरून महाराष्ट्रात गेलं म्हणून हा हक्क बदलत नाही. अडचण असते ती हा हक्क ऐन वेळी दाखवता येण्याची. पोलिस थान्यातून फोन येतो, शाळेतले बाबू वडिलांची सही मागतात, काही महिन्यांनी न्यायाधीश विचारतात की तुम्ही सांगून गेलात की न सांगता. प्रत्येक वेळी हातात काय आहे यावर पुढचं ठरतं. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: जा, पण उजेडात जा, आणि जाण्याचा प्रत्येक टप्पा कागदावर राहील असं बघा. फक्त जिवाला धोका असेल तर हा क्रम बदलतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आधी नातं नीट तपासा

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार आईवडिलांचं लग्न झालेलं असेल तर नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. लग्न झालेलं नसेल तर मुलगा आणि अविवाहित मुलगी यांची पालक आई, आणि तिच्यानंतर वडील. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच कायदा लागू आहे, म्हणजे महूकडच्या बौद्ध कुटुंबांनाही. ख्रिस्ती आईला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज करता येतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईच्या बाजूने जो महत्त्वाचा निकाल दिला, त्यातली आई ख्रिस्तीच होती. पालकत्वाचा अर्ज करताना तिला मुलाच्या वडिलांचं नाव सांगायची किंवा त्यांना नोटीस द्यायची सक्ती नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे.

आता अवघड भाग. "आमचं लग्न झालेलं नाही" असं सांगणाऱ्या कितीतरी जणींचं प्रत्यक्षात काहीतरी झालेलं असतं. देवळात हार घातलेले असतात, घरच्या चार माणसांसमोर मंगळसूत्र बांधलेलं असतं, फक्त नोंदणी नसते. नोंदणी नाही म्हणजे लग्न नाही, असं हिंदू कायद्यात नसतं. रूढीप्रमाणे विधी झाले असतील तर लग्न वैध ठरू शकतं. शिवाय स्त्री-पुरुष बरीच वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले असतील तर लग्न झालं होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळच्या एका मालमत्तेच्या वादात हेच तत्त्व लावलं. तिसरी शक्यता अशी की त्याचं आधीचं लग्न टिकून असताना तुमच्याशी विधिवत लग्न लागलं. ते लग्न रद्दबातल, पण हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ मुळे मुलं औरस मानली जातात.

या तिन्ही परिस्थितींत समोरची बाजू म्हणू शकते की मुलं औरस आहेत, म्हणून नैसर्गिक पालक वडील. तरी सगळं संपत नाही. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडेच राहावं असं कलम ६ मध्येच लिहिलं आहे, आणि वडील हयात असतानाही आई पालक असू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तुमची बाजू आपोआप भक्कम आहे असं मात्र मग समजता येत नाही. तेव्हा आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, बँकेचे अर्ज, शाळेचा प्रवेश फॉर्म काढून बघा. कुठे "पती" म्हणून त्याचं नाव लावलं आहे? लग्नाचे म्हणून काढलेले फोटो आहेत? वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. घरमालकाने भाड्याने खोली द्यावी म्हणून "नवरा-बायको" असं लिहून दिलेला कागदही पुढे तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

कुठे खटला चालू तर नाही ना?

आदेश नाही असं तुम्हाला वाटतं, पण नोटीस जुन्या पत्त्यावर पडून असू शकते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मध्य प्रदेश, मग इंदूर निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. दोघांचीही नावं टाकून बघा, स्पेलिंग बदलूनही बघा. कुटुंब न्यायालयात अर्ज दाखल झालेला दिसला आणि मुलांना हद्दीबाहेर नेऊ नये असा अंतरिम आदेश असेल, तर त्या क्षणी गाव बदलण्याचा विचार थांबवा आणि वकिलामार्फत परवानगीचा अर्ज करा. असा आदेश असताना निघणं ही एकच गोष्ट तुमची चांगली बाजू बिघडवायला पुरेशी आहे. काहीच दाखल नसेल पण तो कोर्टात जाईल अशी शंका असेल, तर वकिलाला कॅव्हेटबद्दल विचारा. ते ९० दिवस टिकतं. त्याचा हेतू एवढाच की तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश होऊ नये.

कागदांची पिशवी

मुलांचा जन्मदाखला पहिला. त्यावर वडिलांचं नाव नसेल तर घाबरू नका. अविवाहित आईने मागितल्यास फक्त शपथपत्र घेऊन दाखला द्यावा, असं २०१५ च्या त्याच निकालात सांगितलं आहे. दाखला अजून काढलेलाच नसेल तर इंदूर सोडण्याआधी नगर निगमकडून काढून घ्या, दुसऱ्या राज्यातून हे काम रेंगाळतं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो.

दाखल्यावर वडिलांचं नाव असेल तर त्यामुळे पालकत्व त्यांच्याकडे जात नाही. पण पितृत्वाचा तो पुरावा ठरतो, आणि तो दोन्हीकडून उपयोगी पडतो. त्यांना भेटीसाठी अर्ज करता येतो, तुम्हाला मुलांची पोटगी मागता येते. नाव काढून टाकण्याच्या मागे लागू नका. ते सोपं नाही, आणि कोर्टात त्याचा अर्थ चांगला लागत नाही.

बाकी मुलांचं आधार, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची फाइल, शाळेच्या अंकसूच्या, फीच्या पावत्या, समग्र आयडी (कुटुंबाचा ८ अंकी आणि मुलाचा ९ अंकी), आणि असेल तर पासपोर्ट. याशिवाय मुलांचा सांभाळ आजवर कोण करत आलं, हे दाखवणारं जे काही असेल ते: पालकसभेच्या वहीतली तुमची सही, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शाळेच्या ग्रुपवरचे तुमचे निरोप, फी भरल्याच्या बँक नोंदी. न्यायालय मुलांचं हित बघतं तेव्हा ते याच रोजच्या गोष्टींतून बघतं. सगळ्याचे फोटो काढून एका विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवा, आणि मूळ प्रती स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये देऊ नका.

वडिलांना सांगायचं का?

मारहाण, धमकी किंवा मुलं हिसकावून नेण्याची भीती नसेल तर सांगायचं. कायद्याने बंधनकारक नसलं तरीही. मुलांना बाबांची सवय असेल तर एके दिवशी उठून बाबा दिसेनासे होणं त्यांना झेपत नाही, आणि पुढे कोर्टात तुम्ही संबंध तोडू पाहणारी आई म्हणून दिसता. १९५६ च्या पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शेवटचा निकष मुलांचं कल्याण हाच असतो. आई नैसर्गिक पालक असली तरी त्याच्या वर हा निकष आहे. वडिलांचं प्रेम मुलांपर्यंत पोहोचू देणारी आई, हे चित्र न्यायाधीशांना नेहमी आश्वस्त करतं. ते खरंही असायला हवं.

तोंडी सांगा, पण त्याच दिवशी लेखी निरोपही पाठवा. व्हॉट्सॲप चालेल. कधी, कुठे, का, मुलांची शाळा कोणती, फोन किती वाजता, सुट्टीत भेट कशी, एवढंच लिहा. जुने हिशेब त्यात काढू नका. हा निरोप उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं समजून लिहा.

तो राजी असेल तर सहमतीपत्र करा. स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. यात मुलं आईकडे अमुक शहरात राहतील हे असावंच, पण वादाला तोंड फुटतं ते बारीक गोष्टींवरून, म्हणून त्या लिहा. दिवाळीत मुलं कुणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस, इंदूरला आणायचं तर तिकिटाचा खर्च कुणाचा आणि सोबत कोण, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, आजारपण आलं तर कळवायचं कसं, शाळा बदलायची असेल तर विचारायचं का. आजी-आजोबांचंही लिहा. इथल्या मराठी घरांत बरेचदा नातवंडं आजीच्या मांडीवर वाढलेली असतात आणि खरं रडणं तिथेच असतं. त्या आजीला महिन्यातून दोनदा फोनवर बोलता आलं तर अर्धा विरोध मावळतो.

दोन सावधगिरी. मुलांच्या पोटगीवर पाणी सोडते, असं वाक्य त्यात घालू देऊ नका. तो हक्क मुलांचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. आणि नोटरीच्या कागदाला कोर्टाच्या आदेशाचं बळ नसतं. पुरावा म्हणून त्याचं वजन असतं, पण उद्या कोणी मोडला तर थेट अंमलबजावणी होत नाही. जमलं तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे खटला दाखल होण्याआधीचं प्रकरण म्हणून हा समझोता न्या आणि लोकअदालतीत नोंदवून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्याचं बळ असतं. माझ्या मते अविवाहित आईवडिलांनी वापरावी अशी ही सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित वाट आहे.

मारहाण होत असेल तर क्रम उलटा

मग आधी बाहेर पडा, कागद आणि निरोप नंतर. ११२ वर पोलिस, १८१ वर महिला हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८. इंदूरला महिला थानाही आहे. वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा आसरा, वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि वकील एकाच छताखाली मिळतो. जखमा असतील तर सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्या, अंगावरचे वळ आठवड्यात जातात.

घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा फक्त लग्न झालेल्या स्त्रियांसाठी आहे हा गैरसमज इथे फार पसरलेला आहे. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही तो लागू होतो. या एका अर्जात संरक्षण, खर्चासाठी रक्कम आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं मागता येतं, आणि निकडीच्या वेळी कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही मिळू शकतो. तुमच्याकडे ताब्याचा आदेश नाही ही जी अडचण, ती सुटण्याचा बऱ्याच जणींसाठी हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे. शिवाय तुम्ही तात्पुरत्या जरी पुण्यात राहत असाल तरी कलम २७ मुळे पुण्याच्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. इंदूरला परत यावं लागत नाही.

मात्र कधीच एकत्र राहिला नसाल तर हा कायदा लागू होत नाही. आणि तो विवाहित आहे हे माहीत असताना राहिला असाल तर अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा एका नात्याला लग्नासारखं मानायला नकार दिला होता. त्या परिस्थितीत पालकत्वाचा अर्ज आणि मुलांची पोटगी हे मार्ग उरतात, आणि ते पुरेसे आहेत.

नवा पत्ता लपवायचा असेल तर तो कुणालाही कागदावर देऊ नका, वकिलाचा पत्ता वापरा, आणि २००५ च्या याच कायद्याच्या कलम १६ खाली सुनावणी बंद दाराआड घ्यावी अशी विनंती करा. मुलांच्या फोनमधलं लोकेशन शेअरिंग आणि जुन्या सामायिक ईमेलचे पासवर्ड निघण्याआधी बदला.

थान्यात पत्र

ही पायरी बहुतेक जणी गाळतात आणि मग तिथेच अडकतात. बेपत्ता मुलांच्या प्रत्येक तक्रारीत अपहरणाचा संशय धरून एफआयआर नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. चांगल्याच हेतूने दिलेला. पण रागावलेल्या वडिलांनी "मुलं घरातून गायब आहेत" असं सांगितलं, आणि आईसोबत गेली हे सांगितलंच नाही, तर त्या आदेशाचं चाक तुमच्यावरूनही फिरू शकतं.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी किंवा निघाल्याबरोबर तुमच्या भागातल्या थान्याला एक साधं पत्र द्या, हिंदीत. माझं नाव, मुलांची नावं आणि जन्मतारखा. मी त्यांची आई आणि नैसर्गिक पालक आहे. त्यांच्या वडिलांशी माझं लग्न झालेलं नाही. ताब्याबाबत कोणत्याही न्यायालयाचा आदेश नाही. मी अमुक कारणासाठी मुलांना घेऊन स्वखुशीने अमुक शहरात राहायला जात आहे. मुलं माझ्यासोबत सुरक्षित आहेत. गरज पडल्यास या नंबरवर बोला. सोबत जन्मदाखल्याची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता तेच पत्र थान्याला आणि पोलिस आयुक्त कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. धोका असेल तर शहराचं नाव न लिहिता फक्त मोबाइल नंबर द्या.

तरीही गुन्हा नोंदवला गेला तर पळू नका आणि फोन बंद करू नका. जिथे आहात तिथल्या पोलिस ठाण्यात मुलांसह जाऊन जबाब द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये अपहरण म्हणजे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल नेणं. तुम्हीच ती पालक असाल तर गुन्हाच उभा राहत नाही, आणि हे तुमच्या हातातल्या शिक्क्याच्या प्रतीवरून पाच मिनिटांत कळतं.

पोटगीचा अर्ज कुठे, हे जाण्याआधी ठरवा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं कलम १२५) औरस असो वा अनौरस, प्रत्येक अज्ञान (अल्पवयीन) मुलाला वडिलांकडून पोटगी मिळते. पण अर्ज कुठे करायचा हे कलम १४५ ठरवतं, आणि तिथे अविवाहित आईची पंचाईत होते. वडील जिथे आहेत किंवा राहतात तिथे, अथवा मुलाच्या आईसोबत ते शेवटचे जिथे राहिले तिथे. पत्नीला स्वतःच्या नव्या गावी अर्ज करता येतो, त्या यादीत तुम्ही नाही. म्हणजे पुण्याला गेल्यावर पोटगीसाठी इंदूरच्या चकरा आल्या. तेव्हा हा अर्ज इंदूर सोडण्याआधी दाखल करून वकीलपत्र देऊन ठेवा, किंवा तुमचं नातं २००५ च्या कायद्यात बसत असेल तर खर्चाची मागणी त्या अर्जातच करा, जो नव्या गावी चालतो.

शाळा

शक्यतो वार्षिक परीक्षा झाल्यावर हला. न्यायाधीशांना मुलांच्या शिक्षणात खंड पडलेला आवडत नाही, आणि मुलांनाही.

टीसीसाठी आईचा अर्ज पुरेसा आहे. "फादरची सही आणा" असं सांगितलं तर नैसर्गिक पालक मी आहे असं लेखी द्या आणि नकार लेखी मागा. सहसा नकार लेखी येत नाही, टीसी येते. पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ सांगतं की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यावा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मात्र हे कलम सरकारी आणि अनुदानित शाळांमधल्या बदलीसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत जागा देणं-न देणं त्यांच्या हातात राहतं, म्हणून तिथे आधी जागा पक्की करा. आणि मूल इंदूरला शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल तर ती जागा त्याच्यासोबत महाराष्ट्रात येत नाही, हे गृहीत धरून फीचा हिशेब करा.

एक गोष्ट खास आपल्या मुलांची. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. इंदूरची मुलं घरी मराठी बोलतात, पण वाचणं-लिहिणं बहुतेकदा हिंदीत झालेलं असतं. लिपी तीच असली तरी जोडाक्षरं, ळ, आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत ती अडखळतात आणि वर्गात त्यांच्या "मी येऊन राहिलो"वर हसू होतं. ठरल्याबरोबर रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यायला लागा, आणि नव्या वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवा. गाव, घर, बाबा एकदम बदललेल्या मुलाला भाषेवरूनही परकं वाटायला नको.

पोहोचल्यावर

पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो, १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे. आठवड्यापूर्वी आलेलं मूल पुण्यात "राहतं" असं कोर्टाला पटवणं कठीण. वडिलांनी त्याच आठवड्यात इंदूरला अर्ज टाकला तर तो इंदूरलाच चालण्याची शक्यता जास्त. म्हणून भाडेकरार तुमच्या नावे, शाळाप्रवेश, आधारवरचा पत्ता, डॉक्टर, लसीकरण, नोकरीचं पत्र, हे सगळं पहिल्या महिन्यात करून घ्या. बस्तान बसल्याचा पुरावा साठला की नव्या शहरातल्या कुटुंब न्यायालयात पालक म्हणून घोषित करण्याचा अर्ज करावा, असं मी आग्रहाने सांगते. हक्क आधीच असताना अर्ज कशाला, असं वाटेल. पण आदेश हातात असला की शाळा, पासपोर्ट, बँक, रुग्णालय, सगळीकडची तीच ती उलटतपासणी संपते. लक्षात ठेवायची अट एक: न्यायालयाने तुम्हाला पालक नेमलं की त्यानंतर मुलांना त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवायला परवानगी लागते. पुन्हा दुसऱ्या शहरात जाण्याचा विचार असेल तर तो आधी पक्का करा, मग अर्ज.

वडिलांनी इंदूरला खटला टाकलाच तर नोटीस घ्या आणि पहिल्या तारखेला वकील उभा करा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो आणि तो फिरवायला वर्षं जातात. खटला पुण्याला हलवायचा असेल तर राज्यं दोन असल्यामुळे अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. लहान मुलं घेऊन एकटीने राहणाऱ्या आईची अडचण तिथे ऐकली जाते. मूल थोडं मोठं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये स्वतः बोलतात. त्याला पढवू नका. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत ओळखू येतं.

आणि वडील सुट्टीत मुलांना घेऊन गेले आणि परत पाठवलंच नाही तर? अपहरणाची फिर्याद इथे फारशी चालत नाही, कारण कलम १३७ मध्येच अपवाद आहे: आपण अनौरस मुलाचे वडील आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याने मूल नेलं, आणि हेतू अनैतिक किंवा बेकायदा नसेल, तर तो गुन्हा होत नाही. पोलिस हेच सांगून परत पाठवतील. म्हणून थान्यात दिवस घालवू नका. थेट उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलांना कोर्टापुढे हजर करा अशी मागणी) करा. इंदूर, उज्जैन, देवास, धारसाठी हे खंडपीठ इंदूरलाच आहे. मुलांच्या ताब्यासाठीही ही याचिका चालते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. सोबत कुटुंब न्यायालयात १८९० च्या कायद्याच्या कलम २५ चा अर्ज द्या.

वाचणारे वडील असतील तर त्यांच्यासाठीही एक शब्द. लग्न झालेलं नसेल तर आईच्या हयातीत मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला जाण्याचा आधार तुमच्याकडे नाही, मुलं तुमच्याकडेच वाढली असली तरी. मुलांचा सांभाळ खरोखर तुम्ही करत असाल तर गाव सोडण्याआधी पालकत्वाचा अर्ज करा. मुलांशी आजवरचं नातं कसं आहे हे न्यायालय पाहतं, आणि भेटीचा हक्क मागायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

परदेशी जायचं असेल तर मात्र आदेशाशिवाय निघू नका. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टवर एकाच पालकाचं नाव चालतं, पण व्हिसा देताना अनेक देश दुसऱ्या पालकाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागतात.

वकील आणि खर्च

स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची कुठलीही अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मुळे. पगार चांगला असला तरी. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधिक सेवा प्राधिकरणात आधारकार्ड आणि साध्या कागदावरचा अर्ज घेऊन जा, किंवा १५१०० वर फोन करा. नव्या शहरातही हाच नंबर आणि हीच सोय आहे. पहिल्या भेटीला जाताना या लेखातले चार प्रश्न लिहून न्या: आमचं नातं लग्न ठरेल का, कॅव्हेट टाकू का, पोटगीचा अर्ज इथे करू की तिथे, आणि २००५ चा कायदा मला लागू होतो का. नेमून दिलेला वकील फोन उचलत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन बदलून मागता येतो.